प्रश्न गोव्याचे, पैसा दुसऱ्यांचा

गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या एका प्रयोगाचा दाखला जगभरचे अभ्यासक आजही देतात. त्याचे नाव ‘मानस’. नैराश्याने किंवा चिंतेने ग्रासलेला माणूस सहसा मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढत नाही. तो जवळच्या दवाखान्यात जातो आणि सांगतो काय, तर झोप लागत नाही, अंग दुखते, डोके जड होते. त्याला जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळतात आणि तो घरी परततो. ‘मानस’ने बारा सरकारी केंद्रे आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने निवडले. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी एक समुपदेशक बसवली. ती डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञही नव्हती. ती पदवीधर स्थानिक बाई होती आणि तिला दोन महिन्यांचे प्रशिक्षण दिलेले होते.

निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या सरकारी केंद्रांत समुपदेशक होती, तिथले निदान पक्के झालेले शंभरातले ६६ रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. जिथे ती नव्हती, तिथे ४२-४३. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. पुढे खर्चाचा हिशेबही मांडला गेला. सरकारी केंद्रांत ही बाई बसवणे एकूण खर्चात स्वस्तच पडते, असे त्यातून निघाले. म्हणजे सरकारने पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, याचे उत्तर गोव्यातल्या रुग्णांनी दिले होते. इतके नेमके उत्तर कुठल्या खातेप्रमुखाला सहसा मिळत नाही.

हा पैसा दिला होता लंडनच्या वेलकम ट्रस्टने. काम केले ‘संगत’ या १९९६ पासून गोव्यात उभ्या असलेल्या संस्थेने. राज्याने आपली केंद्रे दिली, डॉक्टर दिले, ओपीडीतली रांग दिली. प्रश्न आणि पैसा दुसरीकडून आला. प्रयोगाची मुदत संपली की असा पैसाही संपतो, आणि केंद्रात बसणारी ती बाईही जाते. आज तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात अशी समुपदेशक रोज, पगारी पदावर बसते का, हे तुम्हीच एकदा जाऊन बघा.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याच चमूने नंतर गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांत दोन उपचारपद्धती तपासल्या. एक तीव्र नैराश्यासाठी, दुसरी घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी. त्या दोन्ही स्थानिक समुपदेशकांनीच दिल्या. दोन्हींचा फायदा दिसला आणि दोन्हींचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. नैराश्यावरची पद्धत पुढे मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या आशा कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम अमेरिकी सरकारच्या संशोधननिधीतून झाले. गोव्यात मात्र आशा कार्यकर्त्याच नाहीत. ही योजना न राबवणारे आपले राज्य जवळजवळ एकटेच. म्हणजे आपल्या केंद्रांत सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या राज्यातल्या खेड्यात पोचवायला परदेशी पैसा पुढे आला, आणि आपल्याकडे ती पोचवणारी माणसेही नेमलेली नाहीत. दारूवरच्या उपचाराबद्दल तर बोलायलाच नको. अबकारी कराचे आकडे आपण दर अंदाजपत्रकात वाचतो. त्या करातला रुपया दारू सोडवणाऱ्या समुपदेशकाच्या पगाराला द्यावा, असे कुणी विधानसभेत उठून म्हटले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. गोवा सरकारने आरोग्यावरच्या स्वतःच्या खर्चातला ठराविक वाटा आपल्याच आरोग्यसेवा तपासण्यासाठी आणि सुधारण्यासाठी बाजूला काढावा. त्या वाट्याला वर्षअखेरीस कुणाला हात लावता येऊ नये. आणि त्यातून कुठले प्रश्न सोडवायचे, हे इथल्या आरोग्य केंद्रांनी ठरवावे. दर शंभर रुपयांमागे दोन रुपये, हे प्रमाण मी मनाने काढलेले नाही. १९९० साली आंतरराष्ट्रीय आरोग्य संशोधन आयोगाने विकसनशील देशांना हेच सुचवले होते: राष्ट्रीय आरोग्यखर्चाच्या किमान दोन टक्के. त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली.

दिल्लीचे आकडे वरवर बरे दिसतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात आरोग्य मंत्रालयाला ९९,८५९ कोटी रुपये मिळाले. त्यांतले सुमारे ३,९०१ कोटी आरोग्य संशोधन विभागाचे, म्हणजे साधारण चार टक्के. पण आरोग्य हा घटनेने राज्यांकडे दिलेला विषय आहे. आरोग्य केंद्रे, जिल्हा रुग्णालये, परिचारिकांचे पगार, औषधांची खरेदी हे सारे राज्याच्या तिजोरीतून चालते. केंद्राचा संशोधननिधी बहुतेक आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय संस्थांकडे जातो. राज्याच्या अंदाजपत्रकात मात्र ‘आपण चालवतो त्या सेवा नीट चालतात का’ हे तपासण्यासाठी वेगळा रकाना क्वचितच सापडतो. ज्याच्या हातात दवाखाना आहे त्याच्याकडे तपासणीचा पैसा नाही, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो दवाखान्यापासून हजार मैलांवर.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ आणि नळकांडी येतात. नवे औषध शोधणे, नवी लस बनवणे ही कामे मोठ्या देशांची आणि मोठ्या संस्थांची, ती त्यांनी करावीत. मी ज्याबद्दल बोलतो आहे ते काम कंटाळवाणे वाटेल असे आहे. मधुमेहाचे निदान झालेला माणूस सहा महिन्यांनी परत येतो का? येत नसेल तर का? सांगे तालुक्यातल्या माणसाच्या छातीत कळ आली, तर ईसीजी निघेपर्यंत किती मिनिटे जातात? गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कितींचे काम फोंड्यात किंवा म्हापशातच झाले असते? अशा प्रश्नांना नोबेल मिळत नाही. पण माणसे मरतात की जगतात, ते बहुतेक वेळा यांच्याच उत्तरांवर ठरते.

हे गोव्याला जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. एकदा जमले आहे. १९८६ साली पणजीत मलेरिया उसळला. पुढे तो किनारपट्टीवर पसरत गेला. इमारती उभ्या राहत होत्या, बांधकामाच्या पाण्यात आणि उघड्या टाक्यांत अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी डास पैदा होत होता, आणि परराज्यांतून येणारे मजूर त्याच्या तावडीत सापडत होते. मलेरिया संशोधन केंद्राची, म्हणजे आताच्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेची, एक शाखा गोव्यात बसली आणि तिने हा डास इथल्या परिस्थितीत अभ्यासला. रासायनिक फवारणीला पर्याय म्हणून अळ्या मारणारे जीवाणू आणि अळ्या खाणारा इथलाच छोटा मासा वापरून पाहिला. त्या कामाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. दरम्यान राज्याने सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड ठेकेदारांवर बंधनकारक केले. शोध आणि सरकारी हुकूम एकाच गावात राहत होते, म्हणून एकाचे दुसऱ्याला ऐकू आले. वर्षाला हजारोंनी मोजले जाणारे रुग्ण गेल्या दशकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आले. कारणे एकापेक्षा जास्त असतील, ते मान्य. पण डासाची ओळख इथे पटवली गेली नसती, तर फवारणीवाले अजून भिंती धुवत बसले असते.

आणि याच्या उलट काय होते, तेही आपण पाहिले आहे. मे २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना राज्याने जाहीर केले की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने प्रतिबंध म्हणून आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पाच दिवस घ्याव्यात. त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ३१ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते की हे औषध कोविडवर फक्त चाचण्यांमध्येच वापरावे. निर्णय घेणाऱ्यांची नियत वाईट होती असे मी म्हणत नाही. माणसे मरत होती, काहीतरी करून दाखवणे भाग होते. पण पुराव्याचा कस लावणारी स्वतःची यंत्रणा नसली की राज्य असेच चाचपडते. आरोग्य संचालनालयाच्या शेजारी पाच-सहा माणसांचा असा एक गट असता, ज्याचे कामच ‘यामागे पुरावा काय?’ असे विचारण्याचे आहे, तर त्याने एका रात्रीत दोन पानांचे टिपण दिले असते. मंत्र्यांनी ते ऐकले असते की नाही, हा वेगळा मुद्दा.

सत्तरी तालुक्याचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तिथे रोग, जंगल आणि पोट एकमेकांत गुंतलेले आहेत. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याच्या जंगलात ओळखला गेला. गोव्यात तो २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात उसळला. लागलीच पुढच्या मोसमात तो पलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गातही दिसला. रोगाचा विषाणू गोचिडीतून येतो. गोचिडीची पिल्ले हिवाळ्यापासून मेपर्यंत पाचोळ्यात असतात. आणि काजूचा मोसम नेमका याच काळात येतो. पिकलेला बोंडू झाडावरून खाली पडतो. फेणीसाठी आणि बीसाठी बायका-पुरुष वाकून, उघड्या हातांनी तो पाचोळ्यातून वेचतात. काजू वेचणाऱ्यांना हा ताप कामामुळे होतो, हे पुढे अभ्यासाने दाखवून दिले. त्या काळात गोव्यासह दहा राज्यांतल्या अनोळखी तापांवर मणिपालच्या विषाणू केंद्राचे सर्वेक्षण चालू होते. त्याला पैसा होता अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा.

आता विचार करा. जुनी लस फारशी प्रभावी नव्हती, ती बंद झाली. नव्या लशीवर आयसीएमआर काम करत आहे. ती येईपर्यंत सत्तरीतल्या माणसाच्या हातात काय आहे? अंगाला लावायचे तेल, लांब बाह्यांचे कपडे, मेलेले माकड दिसले की खबर द्यायची सूचना. तेलाच्या बाटल्या वाटल्याचे आकडे दरवर्षी निघतात. पण काजूच्या बागेत, एप्रिलच्या घामात, दर दोन तासांनी कुणी ते तेल अंगाला लावते का? वास आणि चिकटपणा सहन होतो का? गमबूट दिले तर घालतात, की उतारावर पाय घसरतो म्हणून काढून ठेवतात? बोंडू जमिनीवर पडण्याआधी जाळीत झेलला तर? पाचोळा आधी झाडून बाजूला केला तर गोचिडी कमी चावतात का? वाळपईच्या आरोग्य केंद्रातल्या एका डॉक्टराने, कृषी खात्याच्या एका माणसाने आणि चार-पाच गावांतल्या काजू बागायतदारांनी मिळून दोन मोसम हे तपासले, तर उत्तर मिळेल. त्याला लागणारा पैसा एखाद्या महोत्सवाच्या मंडपाहून जास्त नसेल. पण हा प्रश्न लंडनला पडणार नाही, बॉस्टनला पडणार नाही, दिल्लीलाही पडणार नाही. काजूच्या बागेत वाकून बोंडू गोळा करणारी बाई कुठल्याच परदेशी निधीच्या यादीत पहिली येत नाही, आणि यायचे कारणही नाही. ती आपल्या यादीत यायला हवी.

दक्षिणेकडच्या काणकोण तालुक्यात गोष्ट आणखी किचकट आहे. तिथे मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराचे रुग्ण इतके दिसू लागले की लोकांनी विहिरींच्या पाण्याकडे संशयाने बघायला सुरुवात केली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही आणि तरी मूत्रपिंड निकामी होते, असे रुग्ण. २०१७ साली बिट्स पिलानीच्या झुआरीनगर संकुलातल्या संशोधकांनी तिथल्या भूजलातल्या सिलिका आणि शिशाकडे बोट दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. पण एक अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. श्रीलंकेत, आंध्रातल्या उद्दानममध्येही असाच आजार आहे आणि तिथेही कारणावर वाद चालू आहे. असा आजार ओळखायला वर्षानुवर्षे त्याच घरांना, त्याच माणसांना परत भेटावे लागते. तीन वर्षांच्या प्रकल्पात ते बसत नाही. ते राज्यच करू शकते, कारण राज्य तिथून निघून जात नाही.

कारण सापडेपर्यंत रुग्णाला डायलिसिस लागतेच. सरकारने ते मोफत केले आणि तालुक्याच्या रुग्णालयांत यंत्रे बसवली, हे चांगलेच झाले. पण दुर्गम वाड्यावरच्या माणसाचे आठवड्यातले तीन दिवस त्यातच जातात. सोबतीला घरचे एक माणूस, त्याचाही रोज बुडतो. थायलंडने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तिथे १९९२ मध्येच सरकारने आरोग्यव्यवस्था संशोधन संस्था स्थापन केली. २००२ साली सर्वांसाठी आरोग्यसेवा आणली तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे आकडे, स्वतःची माणसे होती. २००८ मध्ये डायलिसिस मोफत करताना त्यांनी आधी हिशेब केला आणि पोटाच्या पडद्यातून घरच्या घरी करायच्या पेरिटोनियल डायलिसिसला पहिली पसंती दिली. द्रावणाच्या पिशव्या टपालाने गावागावांत पोचवल्या. २०२२ मध्ये निवड रुग्णांवर सोपवली, तेव्हा यंत्रावरच्या डायलिसिसकडे ओढा वाढला, खर्च भडकला आणि तो निर्णय चुकला का यावर पुन्हा आकड्यांनिशी वाद झाला. मला थायलंडचे कौतुक ‘पेरिटोनियल’साठी नाही. काणकोणाला ती पद्धत सोयीची ठरेल की घरातल्या अस्वच्छ पाण्यामुळे पोटात जंतुसंसर्ग वाढेल, हे तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू नये. कौतुक याचे, की तिथे भांडण आकड्यांवरून होते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१९ मध्ये पेरिटोनियल डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या काणकोणात लावून पाहाव्यात की नाही, हे कुणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे?

मधुमेहाचे सांगायचे तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीने गोव्याला देशात पहिला क्रमांक दिला. प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली, मग शिबिरे झाली. शिबिरात बोट टोचून साखर मोजणे सोपे आहे, फोटोही छान येतो. त्यानंतरचे, वर्षानुवर्षे गोळी घेत राहणे, पाय आणि डोळे तपासून घेणे, हेच अवघड असते आणि तेच मोजले जायला हवे. यावर अधिक लिहीत नाही. प्रत्येक घरात उदाहरण आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप असा, की डॉक्टरांची पदे रिकामी आहेत, औषधे बाहेरून आणायला सांगतात, गोमेकॉत कॉटखाली चादर टाकून रुग्ण झोपतात आणि तुम्हाला संशोधन सुचते! हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. दोन टक्के कुठूनतरी येणार आहेत, आणि ते औषधाच्या खरेदीतूनही येऊ शकतात. पण मग उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे खर्च होतात, हे आपण कधी विचारणार? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण. चांगली योजना. त्यातला पैसा कुठल्या शस्त्रक्रियांवर जातो, त्यांतल्या किती सरकारी रुग्णालयात कमी खर्चात झाल्या असत्या, आणि किती टाळता आल्या असत्या, याचे उत्तर नेमक्या माणसांनी वर्षभर बसून काढले, तर संशोधनाचा पैसा तिथूनच परत मिळू शकेल. कॉटखाली झोपणाऱ्या रुग्णाची सोय खाटा वाढवून होईल की त्याला तालुक्यातच बरे करून, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे. नाहीतर आपण खाटा वाढवत राहू आणि गर्दीही वाढत राहील.

दुसरा आक्षेप: इवलेसे राज्य, हे काम दिल्लीने करावे. मला तर गोव्याचे आकारमान हीच सोय वाटते. ३,७०२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसे, गुंतागुंतीच्या उपचारासाठी मुख्यतः एकच सरकारी मोठे रुग्णालय. उत्तर प्रदेशात एखादी गोष्ट तपासायला पाच वर्षे लागतील. इथे पेडण्यापासून काणकोणापर्यंतची केंद्रे एका वर्षात बघून होतात. शिवाय १८४२ पासून वैद्यकीय शाळा असलेला हा प्रदेश आहे. पोर्तुगीजांच्या काळात पणजीत सुरू झालेली ती एस्कोला मेडिको-सिरुर्जिका आजच्या गोमेकॉची आई. पावणेदोनशे वर्षांहून जुनी वैद्यकीय परंपरा असलेल्या राज्याने ‘आमच्याकडे माणसे नाहीत’ म्हणणे शोभत नाही.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात ऐकू येतो: गोऱ्यांच्या पैशावर आमच्या लोकांवर प्रयोग होतात. ज्यांनी चांगले काम केले त्यांच्यावर हा अन्याय आहे, पण भीती निराधार नाही. प्रश्न दुसऱ्याचा असला की उत्तरही आधी त्याच्याच जर्नलात जाते, गावच्या पंचायतीत नंतर, किंवा कधीच नाही. राज्याने स्वतःचा पैसा घातला की ही तक्रार निम्मी संपते. अट घालता येते: आधी निष्कर्ष गावाला, मराठीत आणि कोकणीत, मग जर्नलला. आणि बाहेरच्या पैशावर विसंबणे धोक्याचे आहे, हे २०२५ मध्ये सगळ्यांनाच कळले. मे महिन्यात अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने परदेशी भागीदार संस्थांना उपअनुदाने देणे थांबवल्याचे जाहीर केले, जुलैत यूएसएड ही अमेरिकी सरकारची मदतसंस्था बंद झाली. गोमेकॉत मलेरियावरचे जे आंतरराष्ट्रीय संशोधन अनेक वर्षे झाले, त्यालाही एनआयएचचाच पैसा होता. दुसऱ्याच्या निवडणुकीचा निकाल आपल्या तापाच्या संशोधनाचे भविष्य ठरवतो, ही स्थिती बरी नव्हे.

मला स्वतःला ज्याची धास्ती आहे तो आक्षेप वेगळाच आहे. पैसा ठेवला आणि तो सल्लागार कंपन्यांच्या सादरीकरणांत, पंचतारांकित हॉटेलातल्या परिषदांत आणि उद्घाटनाच्या नारळांत गेला तर? गोव्यात हॉटेलांची कमतरता नाही. म्हणून रचना आधी हवी, पैसा मागून. निधी आरोग्य संचालनालयाच्या थेट हातात असू नये, कारण ज्याचे काम तपासायचे त्यानेच तपासनीस नेमणे बरोबर नाही. तो मंत्रालयाच्याही हातात असू नये. एक छोटे मंडळ असावे: गोमेकॉच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले कुणी, गोवा विद्यापीठातला संख्याशास्त्रज्ञ, राज्याबाहेरचे एक-दोन अनुभवी लोक, आणि किमान एक परिचारिका किंवा गावोगाव फिरणारी एएनएम आरोग्यसेविका, जिचा पगार बैठकीच्या दिवशी कापला जाणार नाही. प्रश्न खालून मागवावेत. वर्षातून एकदा प्रत्येक आरोग्य केंद्राने आपल्याला छळणारा एक प्रश्न लिहून पाठवावा. त्यातून मंडळाने थोडे निवडावेत, सगळे नव्हे. ज्याचे उत्तर मिळाल्यावर एखादा निर्णय बदलेल, तोच प्रश्न घ्यावा. ‘जागृतीचे प्रमाण किती’ छापाच्या पाहण्या मुळीच नकोत. त्या आपण पोत्यांनी केल्या आहेत.

एक गोष्ट तर जवळपास फुकट होण्यासारखी आहे. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. दरवर्षी बांबोळीत असे प्रबंध तयार होतात, बांधले जातात, परीक्षकाच्या सहीनंतर कपाटात जातात. त्यातले पाच-दहा विषय जरी आरोग्य केंद्रांनी पाठवलेल्या प्रश्नांतून घेतले, तर मांदूरच्या ग्रामीण केंद्रात किंवा सांताक्रूझच्या शहरी केंद्रात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या दोन-तीन वर्षांचा सरकारला उपयोग होईल. विद्यार्थ्यालाही आपण नेहमीच्या रक्तगटांची आकडेवारी पुन्हा काढतो आहोत असे वाटणार नाही. प्राध्यापकांनाही बढतीसाठी शोधनिबंध लागतातच. ते इथल्या प्रश्नांवर निघाले तर काय बिघडते?

आणि एक अट, जिच्यावाचून बाकी सारे व्यर्थ: निष्कर्ष कसाही निघो, तो नव्वद दिवसांत जाहीर झाला पाहिजे, आणि ‘हे स्वीकारले’ किंवा ‘हे या कारणाने नाकारले’ असे खात्याने लेखी सांगितले पाहिजे. एखादी लाडकी योजना निरुपयोगी निघाली, तर तेही छापले गेले पाहिजे. सरकारांना हे आवडत नाही. ‘मानस’मध्ये खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही हे संशोधकांनी लपवले नाही, म्हणूनच सरकारी केंद्रांतल्या यशावर जगाने विश्वास ठेवला. आपल्या खात्याच्या अहवालांत अपयश शेवटचे कधी वाचले, हे मला आठवत नाही.

येत्या अंदाजपत्रकात दोन टक्के एकदम मिळतील, अशी भाबडी आशा मी धरत नाही. अर्ध्या टक्क्यानेही सुरुवात होईल, पण त्या पैशाला स्वतंत्र लेखाशीर्ष हवे आणि मार्चअखेरीस तो रस्त्यांकडे वळवता येऊ नये. पहिले दोन प्रश्नही मला माहीत आहेत. काणकोणातल्या डायलिसिसच्या रुग्णांना घरी उपचार देणे सुरक्षित आणि स्वस्त पडेल का? आणि काजूचा पुढचा मोसम सुरू होण्याआधी सत्तरीत काय बदलावे? हे दुसरे काम फेब्रुवारीच्या आत सुरू व्हायला हवे, कारण एकदा बोंडू पडू लागला की त्या लोकांना बैठकीला बोलावण्यात अर्थ नाही.